कप्तान गुस्टाव्ह श्रोडर

इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांचीं नांवें ठळक अक्षरांत छापलेलीं असतात, ते बहुधा राजे, सेनापति अथवा राज्यांचे कर्णधार असतात. खऱ्याखुऱ्या जहाजाच्या कर्णधाराचें नांव तेथें क्वचितच आढळतें. आणि आढळलेंच, तर त्यानें एखादें नवें बेट शोधलेलें असतें किंवा शत्रूचें आरमार बुडविलेलें असतें. प्रस्तुत लेखांत ज्या कप्तानाची हकीकत सांगावयाची आहे, त्यानें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. तो उतारू घेऊन एका बंदरांतून निघाला; ज्या बंदरांत जावयाचें तेथें त्याच्या उतारूंस कोणीं पाय ठेवूं दिला नाहीं; म्हणून तो समुद्र ओलांडून पुनः मागें आला. त्याच्या कीर्तीचा बाह्य वृत्तांत एवढाच. हा सर्व प्रवास ३५ दिवसांत आटोपला. परंतु त्या ३५ दिवसांत नऊशेंहून अधिक जिवांचा भार त्याच्या शिरावर होता, आणि तो भार त्यानें कसा वाहिला हें आपण सर्वांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

गुस्टाव्ह श्रोडर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८८५ रोजीं उत्तर श्लेस्विग प्रांतांतील हादर्सलेबेन या गांवीं झाला. त्या वेळीं हा प्रांत जर्मनीच्या अंमलाखालीं होता. पुढें पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, लोकमत घेऊन तो डेन्मार्कच्या राज्यास जोडण्यांत आला. सरहद्द ही मनुष्याच्या हातून आंखली जाते, आणि जागचें न हलतांही तो एका दिवसांत तिच्या अलीकडचा पलीकडे होऊं शकतो, याचा हा दाखला श्रोडर यांच्या जन्मगांवींच घडला. १९०२ सालीं, वयाचीं १७ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, त्यांनीं शिडाच्या एका शिक्षण-जहाजावर नवशिक्या खलाशी म्हणून पाऊल ठेविलें. पुढें अतलांतिक महासागर पार करणाऱ्या अत्यंत वेगवान् जहाजांत ज्याची गणना होत असे, त्या 'डॉइचलंड' जहाजावरही त्यांनीं नोकरी केली. एकेक पायरी चढत, वरिष्ठांची शिस्त आणि समुद्राचा लहरीपणा या दोहोंचा अनुभव घेत, त्यांनीं आपली विद्या संपादन केली.

आपल्या देशाशींही त्यांचा कांहीं वर्षें संबंध आला. १९१३ सालीं नोकरीनिमित्त ते कलकत्त्यास आले. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. इंग्रज सरकारच्या दृष्टीनें हिंदुस्थानांतील प्रत्येक जर्मन मनुष्य शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला, आणि श्रोडर यांना युद्ध संपेपर्यंत स्थानबद्धतेंत राहावें लागलें. वास्तविक त्यांनीं कोणाचाही अपराध केलेला नव्हता. ज्या देशांत जन्म झाला तेवढाच त्यांचा गुन्हा. या सक्तीच्या विश्रांतींत त्यांनीं कपाळास हात लावून न बसतां हिंदुस्थानांतील भाषांचा अभ्यास आरंभिला. १९१९ सालीं सुटका होऊन ते मायदेशीं परतले, तेव्हां पराभूत जर्मनीपाशीं पुरेशीं जहाजें नव्हतीं आणि दर्यावर्दी लोकांस काम नव्हतें. अखेरीस १९२१ सालीं हॅम्बुर्गच्या 'हापाग' नामक आगबोट-कंपनींत त्यांना नोकरी मिळाली. तेथें वर्षानुवर्षें इमानानें चाकरी करून ते कप्तानपदास पोंचले, आणि १९३९ सालीं त्याच कंपनीच्या 'सेंट लुईस' या १६,००० टनांहून मोठ्या जहाजाचें आधिपत्य त्यांच्याकडे होतें.

आतां त्या वेळच्या जर्मनीची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता आल्यापासून तेथील ज्यू लोकांचा छळ सुरू झाला होता. प्रथम त्यांच्या नोकऱ्या गेल्या, मागून नागरिकत्व गेलें, व्यापार गेला. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यांत एका रात्रींत देशभर त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, दुकानें फोडण्यांत आलीं आणि सुमारें ३०,००० पुरुषांस धरून छळछावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांपैकीं पुष्कळांची सुटका झाली ती देश सोडून जाण्याच्या अटीवर. परंतु जावयाचें कोठें? एकीकडून जा म्हणून ढकलणें आणि दुसरीकडून येऊं नका म्हणून अडविणें, अशा दुहेरी संकटांत ते सांपडले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर वर्षीं ठराविक संख्येपलीकडे परदेशी लोकांस प्रवेश मिळत नसे. जर्मनी व ऑस्ट्रिया मिळून ही संख्या २७,३७० होती, आणि त्यासाठीं अर्जदारांची रांग कित्येक वर्षांची झाली होती.

ही पाळी येईपर्यंत कोठें तरी डोकें टेकावें म्हणून शेंकडों कुटुंबांनीं क्यूबा बेटाची वाट धरण्याचें ठरविलें. तेथील स्थलांतर-खात्याचा मुख्य अधिकारी दीडशें डॉलर किंवा त्याहूनही अधिक रक्कम घेऊन उतरण्याचे परवाने विकीत असे. लोकांनीं घरदार विकून ते परवाने घेतले, जहाजाचें भाडें भरलें, परतीच्या प्रवासाचे पैसेही आगाऊ मोजले. देश सोडतांना प्रत्येकास बरोबर केवळ १० मार्क नेण्याची मुभा होती. असे ९३७ उतारू, ज्यांतील बहुतेक सर्व ज्यू होते, १३ मे १९३९ रोजीं हॅम्बुर्ग बंदरांतून 'सेंट लुईस' जहाजावर चढून निघाले. त्यांत म्हातारे होते, तान्हीं बाळें होतीं, आणि छावणींतून नुकतेच सुटलेले, डोकीं भादरलेले पुरुषही होते.

श्रोडर यांच्या मोठेपणास येथून प्रारंभ होतो. आणि तो प्रारंभ अगदीं लहान गोष्टींनीं झाला आहे हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं आपल्या खलाशांस व चाकरांस ताकीद दिली कीं, हे उतारू इतर कोणत्याही उतारूंसारखेच आहेत, आणि त्यांच्याशीं तशाच अदबीनें वागलें पाहिजे. ज्या देशांत त्या लोकांस बागेंतील बांकावर बसण्याचीही मनाई होती, त्याच देशाचें निशाण लावलेल्या जहाजावर त्यांना कोणी खुर्ची पुढें करीत होतें, जेवणाच्या टेबलावर मायदेशीं दुर्मिळ झालेले पदार्थ वाढीत होतें. शुक्रवारीं सायंकाळीं ज्यू लोकांच्या विश्रामवाराची प्रार्थना असते. तिच्यासाठीं कप्तानानें भोजनगृह मोकळें करून दिलें, आणि प्रार्थनेच्या वेळेपुरती तेथील हिटलरची तसबीर उतरवूं दिली. जहाजावर सत्ताधारी पक्षाचे हस्तक होते. ही बातमी हॅम्बुर्गला पोंचल्यावांचून राहणार नाहीं हें श्रोडर यांना कळत नव्हतें असें नाहीं. मुलांना डेकवरील हौदांत पोहावयास शिकविण्यांत येई, रात्रीं वाद्यें वाजत. वाटेंत एका वृद्ध उतारूचें निधन झालें, तेव्हां त्याचा देह त्याच्या धर्माप्रमाणें समुद्रास अर्पण करण्यांत आला.

इकडे आनंदांत प्रवास चालला असतां, तिकडे दार अगोदरच बंद झालें होतें. जहाज निघण्यापूर्वीं आठ दिवस, म्हणजे ५ मे रोजीं, क्यूबाचे राष्ट्राध्यक्ष लारेडो ब्रू यांनीं एक हुकूम काढून त्या अधिकाऱ्यानें विकलेले परवाने निरुपयोगी ठरविले होते. यापुढें निर्वासितास दोन मंत्र्यांची लेखी संमति आणि ५०० डॉलरांचा जामीन हवा होता. उतारूंपैकीं बहुतेकांना याची वार्ताही नव्हती. २७ मे रोजीं 'सेंट लुईस' हावाना बंदरांत शिरलें. लोक सामान बांधून, मुलांना नवे कपडे घालून कठड्याशीं उभे राहिले. परंतु जहाजास धक्क्यास लागण्याची परवानगी मिळाली नाहीं. नांगर भर बंदरांत पडला. ज्यांचे कागद पुरे होते अशा २८ जणांस तेवढें उतरवून घेण्यांत आलें.

पुढील सहा दिवसांचें वर्णन करणें कठीण आहे. जे कुटुंबप्रमुख पूर्वींच क्यूबांत येऊन राहिले होते, ते भाड्याच्या होड्या करून जहाजाभोंवतीं फिरत, आणि वर कठड्याशीं उभ्या असलेल्या बायकामुलांस खालून हांका मारीत. चेहरा दिसे, आवाज ऐकूं येई. हात मात्र पोंचत नसे. छावणीचा अनुभव घेतलेल्या एका गृहस्थानें परत जाण्याच्या भीतीनें मनगटाच्या शिरा कापून समुद्रांत उडी टाकली. एका खलाशानें मागोमाग उडी घालून त्याला वांचविलें. त्याला हावानाच्या रुग्णालयांत नेण्यांत आलें, परंतु त्याच्या पत्नीस व मुलांस त्याच्यामागें उतरण्याची परवानगी मिळाली नाहीं. असा प्रकार पुनः घडूं नये म्हणून उतारूंनींच रात्रीच्या पहाऱ्याची व्यवस्था केली. श्रोडर यांनीं उतारूंपैकीं कांहींची एक समिति नेमिली, आणि जी कांहीं बातमी येई ती तिच्यापासून लपवून ठेविली नाहीं. अमेरिकेंतील एका ज्यू साहाय्यक संस्थेचा प्रतिनिधि हावानास येऊन राष्ट्राध्यक्षांशीं बोलणीं करूं लागला. दर माणशीं ५०० डॉलर प्रमाणें साडेचार लाखांहून अधिक रकमेची मागणी झाली, घासाघीस चालली, आणि मुदत टळतांच बोलणीं मोडलीं. २ जून रोजीं जहाजास बंदर सोडण्याचा हुकूम झाला.

आज्ञेचा दास असलेला मनुष्य येथें सुकाणू सरळ हॅम्बुर्गकडे वळविता. कंपनीची आज्ञा तीच होती, कायदाही तोच होता, आणि त्याला दोष देणारा कोणी नव्हता. श्रोडर यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं जहाज उत्तरेकडे फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत नेलें, आणि मंद गतीनें तेथेंच घिरट्या घालीत राहिले. मायामी शहराचे दिवे उतारूंस डेकवरून दिसत होते. जीवरक्षक होड्यांतून माणसें चोरून किनाऱ्यावर उतरवितां येतील काय, याचाही विचार कप्तानानें करून पाहिला. उतारूंनीं अध्यक्ष रूझवेल्ट यांस तार केली. तिचें उत्तर आलें नाहीं. सरकारी खात्याचें म्हणणें इतकेंच कीं, या लोकांनीं आपली पाळी येईपर्यंत थांबलें पाहिजे. आणखी उत्तरेस कानडा देश होता. तेथील कांहीं विद्वान् व धर्मोपदेशक गृहस्थांनीं त्यांना आश्रय द्यावा अशी आपल्या पंतप्रधानांस विनंती केली. परंतु स्थलांतर-खात्यानें तीही मानली नाहीं. या सर्व ठिकाणीं ज्यांनीं नकार दिला, त्यांपैकीं कोणी क्रूर म्हणून प्रसिद्ध नव्हता. प्रत्येकापाशीं एक नियम होता, आणि प्रत्येकाचा नियम बरोबर होता. अशा पुष्कळ बरोबर नियमांची बेरीज होऊन नऊशें माणसें समुद्रावर निराधार झालीं.

६ जून रोजीं जहाज युरोपच्या दिशेनें वळलें. उतारूंचा धीर खचला. कांहीं तरुणांनीं निराशेच्या भरांत सुकाणूच्या खोलीवर चाल करून जहाज ताब्यांत घेण्याचा प्रयत्न केला. समुद्रावरील बंडास कायद्यानें भयंकर शिक्षा आहे. कप्तानानें त्यांना शांतपणें समजावून परत धाडलें, आणि या प्रकरणीं कोणावरही फिर्याद केली नाहीं. उतारूंना जर्मनींत परत उतरवावयाचें नाहीं, असा निश्चय त्यांनीं मनाशीं केला होता. कोणत्याच देशानें आश्रय न दिल्यास इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जहाज मुद्दाम खडकावर घालावयाचें आणि त्यास आग लावून द्यावयाची, असा त्यांचा बेत होता. संकटांत सांपडलेल्या जहाजावरील माणसांस पाण्यांतून वर काढावें, मग तीं कोणत्याही देशाचीं असोत, हा दर्यावर्दी लोकांचा फार जुना धर्म आहे. जिवंत माणसांस जो किनारा दार उघडीत नाहीं, तो निदान बुडत्यांस तरी हात देईल, असा हा हिशेब होता. आपलें जहाज हें कप्तानाला प्राणाहून प्रिय असतें. तें स्वतःच्या हातानें फोडण्याची तयारी करणाऱ्याच्या मनांत काय चाललें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सुदैवानें ती वेळ आली नाहीं. जहाज हळूहळू येत असतां त्याच साहाय्यक संस्थेचे युरोपांतील प्रतिनिधि मॉरिस ट्रोपर हे रात्रंदिवस निरनिराळ्या सरकारांच्या पायऱ्या झिजवीत होते. संस्थेनें सर्वांच्या निर्वाहाची हमी घेतली, आणि जूनच्या मध्यास चार देशांनीं त्यांना वांटून घेण्याचें मान्य केलें. १७ जून रोजीं 'सेंट लुईस' बेल्जममधील अँटवर्प बंदरास लागलें. इंग्लंडनें २८८, फ्रान्सनें २२४, बेल्जमनें २१४ आणि हॉलंडनें १८१ असे एकंदर ९०७ उतारू घेतले. शेवटच्या उतारूची सोय होईपर्यंत कप्तानानें त्यांची साथ सोडली नाहीं. जर्मनीच्या भूमीवर परत कोणासही उतरावें लागलें नाहीं.

ही कथा येथेंच संपती तर फार बरें झालें असतें. परंतु वाचकांपासून सत्य लपविणें योग्य नव्हे. तीनच महिन्यांत दुसरें महायुद्ध सुरू झालें, आणि १९४० च्या मे महिन्यांत हिटलरच्या फौजांनीं हॉलंड, बेल्जम व फ्रान्स या देशांवर चाल केली. ज्या आसऱ्यास ते लोक गेले होते, त्या आसऱ्यासच आग लागली. इंग्लंडमध्यें गेलेले बहुतेक सर्व वांचले. इतर तीन देशांत उतरलेल्यांपैकीं २५४ जण युद्ध संपेपर्यंत मृत्युमुखीं पडले, आणि त्यांतील पुष्कळांचा अंत छळछावण्यांत झाला. मायामीचे दिवे ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिले होते, अशांचा हा अंत आहे. अतलांतिकच्या पलीकडील एखाद्या बंदरानें जून १९३९ मध्यें दार उघडलें असतें, तर तो टळला असता.

श्रोडर यांचें पुढील आयुष्य साधेंच गेलें. युद्ध सुरू झालें तेव्हां त्यांचें जहाज समुद्रावर होतें. इंग्रजी आरमाराची नाकेबंदी चुकवून, रशियाच्या मुर्मान्स्क बंदरावरून, १ जानेवारी १९४० रोजीं त्यांनीं तें हॅम्बुर्गला सुखरूप आणलें. त्यानंतर त्यांना कचेरींत बसून करण्याचें काम देण्यांत आलें. पुनः त्यांनीं कधीं जहाज चालविलें नाहीं. 'सेंट लुईस' जहाजही १९४४ सालीं बाँबच्या माऱ्यानें मोडलें, आणि १९५२ सालीं तें भंगारांत निघालें. युद्धानंतर हिटलरच्या राजवटींतील लोकांच्या चौकशा झाल्या, त्यांत श्रोडर यांचीही झाली. तेव्हां त्यांच्या बाजूनें साक्ष देण्यास त्यांचे जुने उतारूच पुढें आले. ते दिवस त्यांना दारिद्र्याचे गेले. त्यांतही त्याच उतारूंपैकीं कांहींनीं त्यांना मदत पाठविली. १९४९ सालीं त्यांनीं या प्रवासाची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. १९५७ सालीं पश्चिम जर्मनीच्या सरकारनें त्यांना सन्मानपदक दिलें, आणि १० जानेवारी १९५९ रोजीं हॅम्बुर्ग येथें, वयाच्या ७३ व्या वर्षीं, त्यांचा देहान्त झाला. जेरुसलेम येथील 'याद वाशेम' संस्था ज्यूंचे प्राण वांचविण्यासाठीं झटलेल्या अन्यधर्मीय सत्पुरुषांची नोंद ठेविते. त्या नामावळींत १९९३ सालीं श्रोडर यांचें नांव घालण्यांत आलें. नकार देणाऱ्या राज्यांसही कालांतरानें पश्चात्ताप झाला. २०१२ सालीं अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यानें, आणि २०१८ सालीं कानडाच्या पंतप्रधानांनीं, त्या उतारूंची जाहीर क्षमा मागितली. ती ऐकण्यास त्यांतील फारच थोडे हयात होते.

या व अशा अनुभवांनीं शहाणें होऊन १९५१ सालीं जिनीव्हा येथें राष्ट्रांनीं एक करार केला. ज्या ठिकाणीं निर्वासिताच्या जिवास वा स्वातंत्र्यास धोका आहे, तेथें त्याला परत लोटूं नये, हें त्यांतील मुख्य कलम होय. तथापि करार कागदावर असतो आणि माणसें पाण्यावर असतात. २००९ सालीं इटलीच्या सरकारी नौकांनीं भूमध्य समुद्रांत सुमारें २०० लोकांस अडवून लिबियास परत पोंचविलें. तें कृत्य बेकायदेशीर असल्याचा निर्णय युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें २०१२ सालीं दिला. २०१५ च्या मे महिन्यांत रोहिंग्या व बांगलादेशी लोकांनीं भरलेल्या होड्या अंदमानच्या समुद्रांत एका किनाऱ्याकडून दुसऱ्या किनाऱ्याकडे हांकलल्या जात होत्या. २०१४ सालापासून एकट्या भूमध्य समुद्रांत बुडालेल्या व बेपत्ता झालेल्या स्थलांतरितांची संख्या ३०,००० च्या वर गेली आहे. 'सेंट लुईस' भंगारांत गेलें खरें. त्याचा प्रवास अद्याप संपलेला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, श्रोडर यांनीं जग बदललें नाहीं. कोणतेंही बंदर उघडण्याची सत्ता त्यांच्या हातीं नव्हती. त्यांच्या हातीं एक जहाज होतें, आणि त्या जहाजावर माणसाला माणसाप्रमाणें वागविण्याची सत्ता होती. ती त्यांनीं पुरेपूर वापरली. आज शाळेंत बसणाऱ्या आपल्यापैकीं उद्यां कोणी कारकून होईल, कोणी अंमलदार होईल, कोणाच्या हातीं शिक्का येईल, कोणाच्या हातीं एखाद्या दाराची किल्ली येईल. केव्हां तरी एक थकलेला मनुष्य अपुरे कागद घेऊन आपल्या टेबलापुढें उभा राहील, आणि नियम आपल्या बाजूस असेल. त्या वेळीं त्याला विन्मुख धाडणें अगदीं सोपें असेल, आणि त्याबद्दल कोणी आपणांस बोल लावणार नाहीं. त्या क्षणीं या कप्तानाची आठवण व्हावी, आणि दार उघडण्याचा आणखी एखादा मार्ग आहे काय हें शोधण्यासाठीं आपण आपल्या जहाजाची गति थोडी मंद करावी, एवढ्याचसाठीं हें चरित्र येथें सादर केलें आहे.